पाणी कुठे मुरते आहे?

आज १४ जुलै. १८५६ साली याच दिवशी कऱ्हाडशेजारच्या टेंभू गावात समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आज सकाळी त्यांच्या तसबिरीला हार पडतील, दोनचार भाषणे होतील, चहा-बिस्किटे होतील. संध्याकाळपर्यंत हार सुकेल आणि आगरकर पुढच्या जुलैपर्यंत पुन्हा खिळ्याला लटकतील. ही कला आम्हा सातारा-सांगलीकरांना फार चांगली अवगत आहे. माणूस जिवंत असताना त्याची तिरडी बांधायची आणि मेल्यावर त्याची पालखी उचलायची! आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांवरून त्यांच्या डोळ्यांदेखत काढली गेली, हे आम्ही दरवर्षी चवीने सांगतो. ती काढणारे जणू कोणी परमुलखातले राक्षस होते, आमचे-तुमचे चुलते-मामे नव्हतेच, अशा थाटात सांगतो.

टेंभूचे नाव आज दुष्काळी पट्ट्यात पोराटोरांच्या तोंडी आहे, पण ते आगरकरांमुळे नव्हे. टेंभूला कृष्णेचे पाणी उचलायचे आणि पंपांच्या जोरावर टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळांवर न्यायचे, अशी ती उपसा योजना. पाण्याची जात उताराकडे धावणारी. ते आपण होऊन आटपाडीला कधीच गेले नसते. लोकांनी मोर्चे काढले, पाणी परिषदा भरवल्या, समन्यायी वाटपासाठी वर्षानुवर्षे सरकारचा उंबरा झिजवला, तेव्हा ते चढले. आता आमचा साधा प्रश्न आहे. टेंभूचे पाणी चढाने आटपाडीपर्यंत जाते, तर टेंभूचा विचार सव्वाशे वर्षांत उताराने शेजारच्या वाडीपर्यंतही का पोचला नाही? पंप कुठे बंद पडला? हे पाणी नेमके कुठे मुरते आहे?

आमचे उत्तर रोखठोक आहे. ते भावकीत मुरते आहे.

भावकीला कचेरी नसते, शिक्का नसतो, दप्तर नसते. तरी जिल्हाधिकाऱ्याच्या हुकमाला जो दिवाणखान्यात बसून हसतो, तो भावकीतल्या एका म्हातारीच्या भुवईला घाबरतो. पोरीला पुण्याला शिकायला पाठवायचे? भावकी विचारील. सून नोकरीवरून रात्री नऊच्या एस.टी.ने येते? भावकी बघते आहे. धाकट्याला तेराव्याचे जेवण घालायचे नाही? अरे बाबा, भावकीला तोंड कसे दाखवायचे? ‘लोक काय म्हणतील’ हे आमचे खरे संविधान. या लोकांची एकदा शिरगणती कराच. चार चुलते, दोन आत्या, एक मामा, पारावर बसणारे पाचसात निवृत्त आणि लग्नात मधल्या खुर्चीवर बसणारा एक कारखान्याचा संचालक. झाले तुमचे लोक! एवढ्यांच्या भीतीने लाखो माणसे आपले एकुलते एक आयुष्य दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालावा तशी घालवतात. काखेत काचते आहे, गळ्याशी आवळते आहे, पण बटण काढायची छाती नाही.

भावकी वाईटच असते असे आम्ही म्हणत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी तीच, महापुरात उंचावरच्या घराचे दार उघडणारी तीच, बाप गेला तर आठ दिवस भाकरी पुरवणारी तीच. आमचा माणूस निर्दय नाही. म्हणूनच आमचा संताप दुप्पट आहे. निर्दयाला चार शब्द सुनावून मोकळे होता येते. या भागाचे दुखणे वेगळे आहे. येथे कळवळा भरपूर आहे आणि कणा नाही.

पुरावा पाहिजे? मसूरच्या रेल्वे स्टेशनावर चला. साल १९०१. सातारच्या सरकारी शाळेत नुकताच दाखल झालेला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन पोरे गाडीतून उतरली आहेत. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल आहेत. सुट्टीत पोरे त्यांच्याकडे निघाली आहेत. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. न्यायला कोणी आले नाही, कारण पत्रच पोचले नाही. स्टेशनमास्तर भला माणूस. जवळ येतो, विचारपूस करतो, कोणाची पोरे म्हणतो. पोरगा निरागसपणे सांगतो, आम्ही महार. मास्तराचा चेहरा पालटतो आणि तो मागच्या मागे आपल्या खोलीत निघून जातो.

पुढचे अधिक बोलके आहे. काही वेळाने तो मास्तर परत येतो. म्हणजे मनात कालवाकालव झाली होती. पोरांना बैलगाडी मिळावी म्हणून खटपटही तोच करतो. पण विटाळाच्या धाकाने कोणी गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण राजी होतो, तेही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. स्वतःच्या गाडीचे दुप्पट पैसे घेऊन स्वतः धुळीतून चालणारा तो गाडीवान आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. सबंध वाट पोरांना पाणी मिळाले नाही. रात्री जकात नाक्यावर धर्म चोरून पाणी मागण्याची युक्ती केली, तीही फसली. तो मुलगा भीमराव आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याने सातारच्या शाळेत नाव घातले, तो दिवस महाराष्ट्र आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. मसूरच्या त्या रात्रीचा दिवस मात्र कोणी पाळत नाही.

स्टेशनमास्तर दुष्ट होता का? नव्हता. गाडीवान क्रूर होता का? तसेही म्हणवत नाही. दोघांना पोरांची दया आली होती. मास्तराने आपल्या पेल्यातून पाणी दिले असते, गाडीवानाने चौथ्या पोराला मांडीवर घेऊन कासरा धरला असता, तर आभाळ कोसळले नसते. चारसहा दिवस गावात कुजबुज झाली असती. तेवढ्या कुजबुजीच्या भीतीपुढे चार तहानलेली लेकरे हलकी ठरली. आज मसूरहून गाड्या पूर्वीपेक्षा वेगाने जातात. पण आपल्याच गाडीच्या बाजूने, आपल्याच पैशाने, धुळीतून चालणारे गाडीवान या दोन जिल्ह्यांत अजून घरोघर आहेत.

हे शब्द झोंबले असतील तर आणखी ऐका. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने एक समारंभ केला. २८५ मुलींना नवी नावे दिली. का? तर त्यांची जुनी नावे नकुसा, नकोशी अशी होती. दुसरी-तिसरी मुलगी झाली, आता पुरे, पुढचा मुलगा व्हावा, म्हणून लेकराच्या कपाळावर जन्मभराचा नकार गोंदायचा! जिल्हा परिषदेने ती नावे पुसली. चांगलेच केले. परंतु आम्हाला त्या समारंभाच्या आधीची वर्षे छळतात. त्यातल्या शाळकरी मुलींची नावे शाळेच्या जनरल रजिस्टरात कोणी तरी सुवाच्य अक्षरात लिहिली असतील. हजेरी घेताना कोणी तरी गुरुजी, कोणी तरी बाई रोज सकाळी भर वर्गात ‘नकुसा’ अशी हाक मारत असतील आणि ती पोर ‘हजर’ म्हणत असेल. रोज! एखाद्या बाईंनी पहिल्याच दिवशी लेखणी खाली ठेवून त्या बापाला बोलावून घ्यायचे होते. ‘दादा, हे नाव मी माझ्या तोंडाने घेणार नाही,’ एवढेच सांगायचे होते. त्यासाठी परिपत्रक लागत नव्हते आणि मंत्री तर मुळीच लागत नव्हता. ज्यांनी तसे केले असेल त्यांना आमचा दंडवत. बाकीच्यांना कळवळा आला असेलच, पण हजेरी पुरी करायची होती.

आणि ज्यांना ‘हजर’ म्हणण्याइतकेही आयुष्य मिळाले नाही त्यांचे काय? मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये जमिनीतून १९ भ्रूण निघाले. एका गर्भवतीचा जीव गेला म्हणून ते पुरलेले पाप वर आले. या एका वाक्यापलीकडे आम्ही लिहीत नाही. लेखणी जड होते.

आता कपाळाकडे वळू. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात विधवा प्रथा पाळली जाणार नाही. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी उतरवायची नाहीत. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. हेरवाड कोल्हापूर जिल्ह्यात, पण सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. त्या गावाला आम्ही मनापासून मुजरा करतो. तरी एक शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या बांगड्या आजवर फोडत कोण होते? पोलीस? तलाठी? नव्हे. नवऱ्याच्या मरणाने आधीच मोडून पडलेल्या बाईचा हात धरून बांगड्या फोडणाऱ्या तिच्याच जावा असतात, नणंदा असतात, आणि कित्येकदा स्वतः त्याच आगीतून गेलेल्या थोरल्या विधवा असतात. फोडतानाही त्या धाय मोकलून रडतात! रडणाऱ्या हातांनी दगड उचललेला असतो. याहून भयंकर चित्र कुठल्या नाटककाराला सुचले आहे?

नाटकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घ्यायचा भारी सोस. याच सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीसाठी अवघ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. बालविवाहाला आळा घालणारा कायदा मात्र १९२९ मध्ये आला, म्हणजे डोळे पुसायला आम्हाला तीस वर्षे लागली. हळहळण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

मंगळसूत्राची दुसरी एक गोष्ट याच मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या पोरांचे एकत्र वसतिगृह चालवले. हे तेच भाऊराव, ज्यांना तरुणपणी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला म्हणून आपले बोर्डिंग सोडावे लागले होते. एक आंघोळ! केली असती तर कोणाला कळणार होते? पण न केलेल्या त्या एका आंघोळीतून हजारो पोरांच्या अंगाला लागलेला शाळेचा वारा निघाला. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? वसतिगृहात धान्य संपले तेव्हा या बाईने मंगळसूत्रासकट अंगावरचे दागिने दिले. नवरा हयात असताना गळा मोकळा! त्या काळच्या बायकांनी पाणवठ्यावर काय काय बोलून घेतले असेल याची कल्पना आजही करता येते. एक मंगळसूत्र जबरदस्तीने तोडले जाते आणि एक स्वखुशीने उतरते. सोने तेच, दोरा तोच. फरक हात कोणाचा एवढाच आहे, आणि आमच्या मते सगळे स्वातंत्र्य त्या हाताच्या मालकीत सामावलेले आहे.

आगरकरांना हे कळले होते. देश गुलाम असताना हा गृहस्थ बायकांनी जाकिटे घालावीत की नाही यावर लेख लिहितो म्हणून शहाण्यासुरत्यांनी त्यांना वेड्यात काढले. पण गुलामी आधी कापडात शिवलेली असते, कपाळावर टेकवलेली असते, ताटाच्या वाढण्याच्या क्रमात बसलेली असते. बायकोच्या आधी नवरा जेवतो त्या घरात संसदेचे स्वातंत्र्य कुठल्या दाराने आत येणार?

लग्नाच्या मांडवात तर भावकी सोळा शिणगार करून बसते. २०२२ साली पलूस पोलिसांत नंदीवाले समाजाच्या जातपंचायतीवर गुन्हा नोंदला गेला. आंतरजातीय लग्न केलेल्यांना वाळीत टाकल्याचा आरोप. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये विधिमंडळात संमत केला, पुढल्या वर्षी तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गुन्हा नोंदला हे योग्यच झाले. मात्र बातमी वाचून ज्या बागायतदार, पांढरपेशा वाचकांनी ‘काय मागासलेले लोक’ म्हणून मान हलवली असेल त्यांना आम्ही विचारतो, तुमची पंचायत कुठे भरते? भटक्यांची पंचायत झाडाखाली बसते म्हणून कायद्याला दिसते. तुमची मंगल कार्यालयात एसी लावून बसते. पोरीने परजातीचा नवरा केला की तिचे नाव रेशनकार्डावरून, पत्रिकेवरून आणि आईच्या तोंडून एकाच दिवशी गळते. दंडाची पावती फाडत नाहीत एवढाच काय तो सुधारणेचा पल्ला. आपल्या पसंतीने लग्न करणाऱ्या जोडप्यांना संरक्षण द्या, जिल्ह्या-जिल्ह्यात त्यांच्यासाठी निवारा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये बजावले. लेकराला बापाच्या घरापासून वाचवायला सरकारने घर बांधावे लागते, याची लाज आम्ही कुठल्या शब्दात मांडावी?

आणि हे त्या कृष्णाकाठी घडते आहे जिथे १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने हुंड्याविना, वाजंत्र्याविना गांधी लग्ने लावली! गोळ्या खायला तयार असलेली ती पिढी सोयऱ्यांचे टोमणेही खायला तयार होती. तिच्या नातवंडांना आज डॉल्बीशिवाय लग्न लावायचे म्हटले तरी घाम फुटतो. कर्ज काढून मानपान, कर्ज फेडण्यासाठी रान विकणे, आणि विकलेल्या रानाच्या बांधावर उभे राहून पूर्वजांच्या शौर्याच्या गप्पा.

कोणी म्हणेल, घाई कशाला? आधी गावाला ठरवू द्या. ठरवावे, जरूर ठरवावे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद करून पोरे अभ्यासाला बसतात. कौतुकाची गोष्ट आहे. गाव एकवटले तर काय होते हे त्यातून दिसते. पण गावाने ठरवलेल्या गोष्टीला एक मर्यादा असते, ती म्हणजे गाव उद्या उलटेही ठरवू शकते. पिढ्यानपिढ्या ‘हिला हळदीकुंकवाला बोलवायचे नाही’ हाही गावाचाच ठराव होता, फक्त तो कागदावर नव्हता. म्हणून आमची भिस्त गावावर नाही, गावातल्या त्या एकटीवर आहे. सांगली जिल्ह्यात नवऱ्यांनी टाकलेल्या बायका कासेगावच्या इंदुताई पाटणकरांबरोबर रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांनी काय मागितले? स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड आणि घरापुरती जागा. क्रांती एका पिवळ्या कार्डात मावते, हे त्यांनी शहाण्यांना शिकवले. म्हसवडच्या अंगठेबहाद्दर बायकांनी बँक मागितली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्यांनी तोंडी हिशेबाचे आव्हान दिले आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. सांगलीत १९९६ साली देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली आणि सभ्य समाजाला सांगितले की तुमचा उद्धार नको, आमच्या हक्काचे बोला. यातल्या शेवटच्या नावाने तुमच्या भुवया वर चढल्या असतील, तर मसूरच्या मास्तराचा चेहरा एकदा आरशात बघून घ्या.

‘व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार’ ही पारावरची जुनी शहाणपट्टी आहे. स्वैराचारी माणूस दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन जातो. स्वतंत्र माणसाला आपल्या पायाची जाण असते म्हणून दुसऱ्याच्या पायाखालचा काटा दिसतो. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी पोराचे नाव हमीद दलवाईंवरून हमीद ठेवले. व्यसनाने खंगलेल्या माणसांसाठी त्यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ उभे केले. चाकोरी मोडणारा तोच, आणि दारुड्याच्या उशाशी बसणाराही तोच. या दोन गोष्टी एकाच झाडाला लागतात हे ज्यांना बघवत नव्हते, त्यांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या त्या माणसाला पुण्यातल्या पुलावर गोळ्या घातल्या. ज्यासाठी ते झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर चार महिन्यांत झाला. नऊ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, म्हैसाळलाच एका कुटुंबातली नऊ माणसे मेली आणि पोलिसांचा संशय गुप्तधनाच्या नादी लावणाऱ्या मांत्रिकावर गेला. कायदा होता. त्या घरी जाऊन ‘अण्णा, हे गुप्तधन-बिप्तधन खोटे आहे, चला उठा’ असे म्हणणारा शेजारी नव्हता, किंवा त्याला दुसऱ्याच्या घरात बोलायचे नव्हते.

तेव्हा आजच्या हारतुऱ्यांना आमच्याकडून हजेरी नाही. आम्ही जानेवारीची वाट पाहतो आहोत. संक्रांत येईल, सुगडे येतील, घरोघर हळदीकुंकवाच्या याद्या होतील. वही उघडून बसलेल्या वहिनींनो, तुमच्याच गल्लीत मागच्या वर्षी नवरा गेलेली एक बाई आहे. ती संध्याकाळी दाराला आतून कडी लावून बसते, कारण बायका तिच्या दारावरून पुढे जाताना आवाज खाली करतात, आणि तो खाली केलेला आवाज तिला ऐकू येतो. तिचे नाव यादीत पहिले लिहा. सासूबाई विचारतील, ‘हे काय गं?’ तर वही मिटू नका.